गच्चीची किल्ली आणि दोन सह्या

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मा. सचिव,

सोमवार, दिनांक ३ फेब्रुवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आपण तळमजल्यावरच्या वॉचमनची वही उघडलीत, त्यात एकच सही केलीत आणि गच्चीची किल्ली घेऊन एकटेच लिफ्टमध्ये शिरलात. किल्ली परत आली अकरा वाजून पाच मिनिटांनी. मी तेव्हा टपालाच्या पेट्यांपाशी उभी होते. तुम्ही मला पाहिलंत आणि पाहिलं नाही असं दाखवलंत. त्यात नवीन काही नाही, सात वर्षं तेच चाललंय. माझी तक्रार त्याबद्दल नाही.

तक्रार लिहायची कशी, हे आमच्या शाळेत सिस्टरने शिकवलं होतं. आधी वेळ, मग कृती, मग माणूस. विशेषणं शेवटी, तीही उरली तर. तेव्हा आता कृतीकडे येते.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांनी आयुष्य संपवलं. त्यानंतर आख्खी इमारत पहिल्यांदाच पार्किंगवरून न भांडता एका खोलीत बसली आणि तीन ठराव झाले. गच्चीची किल्ली दोन सह्यांशिवाय कोणाला मिळणार नाही. दोघांनी बरोबर वर जायचं आणि बरोबर खाली यायचं. इमारतीत एकटे राहणारे आम्ही सहा जण. आमच्या दाराची बेल रोज सकाळी नऊच्या आत कोणीतरी पाळीने वाजवायची, दार उघडेपर्यंत थांबायचं आणि चेहरा बघायचा. लिफ्टशेजारी डॉक्टरांचा आणि मदतीच्या फोनचा नंबर लावायचा. तिन्ही ठराव तुम्ही मांडलेत. पाळ्यांचा तक्ता तुम्ही आखलात, तोही असा की छापखान्याने लाजावं. लोक तुम्हाला मागून ‘फूटपट्टी’ म्हणतात, त्या दिवशी ते कौतुकाने म्हणत होते.

आणि नियम मोडणारे पहिले तुम्हीच. वॉचमनला विचारलं, तर तो म्हणाला, “बाई, साहेबांना कोण अडवणार? नियम साहेबांचाच आहे.” तीस वर्षं मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते. ‘साहेबांचाच आहे’ हे उत्तर मी तिथे कोणाकडून ऐकून घेतलं नाही, इथेही घेणार नाही.

खुलासा करावा.

तिसरा मजला


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

वहिनी,

आपले दि. ४ चे पत्र मिळाले. पाण्याच्या टाकीची पाहणी करणे हा सचिवाच्या कामाचा भाग आहे. ठराव रहिवाशांसाठी आहे. सचिव पाहणीस जातो तेव्हा तो रहिवासी म्हणून जात नाही. त्यामुळे दुसऱ्या सहीचा प्रश्न येत नाही.

तक्त्यात आपले नाव व्यवस्थित आहे. दातांचे डॉक्टर आपली बेल वेळेवर वाजवतात अशी नोंद आहे.

जिन्याच्या तिसऱ्या पायरीची कड निघाली आहे. जपून उतरावे.

सचिव


शनिवार, १५ फेब्रुवारी

मा. सचिव,

‘तो रहिवासी म्हणून जात नाही.’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. मग चहा टाकला आणि तिसऱ्यांदा वाचलं. चौथ्या मजल्यावर तुमचं अंथरूण आहे, गॅलरीत तुमचे पायजमे वाळतात, आणि तुम्ही रहिवासी नाही. मग कोण आहात, पाहुणे?

वार्षिक सभा महिन्याच्या अखेरीस आहे. तिथे मी हा विषय काढणार आहे आणि हात हलवत जाणार नाही. चौकशी केली आहे, प्रत्येकाचं म्हणणं लिहून त्याखाली त्याची सही घेतली आहे.

वॉचमन : किल्ली ६, ११ आणि १३ तारखेलाही नेली. दर वेळी एकटे. दर वेळी पाऊण तास.

आपल्याच इमारतीतला प्लंबर : टाकी जानेवारीत धुतली आणि झाकणाला तारेचं सील मारलं. काल पाहिलं, सील जसंच्या तसं. टाकी कोणी उघडलेलीच नाही. तेव्हा तुम्ही पाऊण तास कसली पाहणी करता, हे त्यालाही कळलं नाही. त्याला वाटलं आपल्या कामावर संशय घेताय, तो दुखावला आहे.

ग्रंथपाल बाई : पलीकडच्या रस्त्यावरच्या वाचनालयाचं सव्वीस वर्षांचं सभासदत्व तुम्ही सोमवारी बंद केलंत. एक पुस्तक अर्धवट वाचलेलं होतं. खूण घातलेली तशीच परत दिलीत. बाई म्हणाल्या, पूर्ण करून द्या, घाई नाही. तुम्ही म्हणालात, नको.

सलूनवाला : तुम्ही त्याला तुमची आखणीची पेटी देऊन टाकलीत. कंपास, निब, सगळं. नकाशे काढताना ज्या पेटीला तुम्ही माझ्या नवऱ्यालाही हात लावू दिला नव्हता, सख्ख्या भावाला, ती पेटी. सलूनवाला बिचारा अजून ती कपाटात ठेवून आहे, वापरायची कशात ते त्याला कळत नाही.

शिवाय सोसायटीची दप्तरं तुम्ही चिठ्ठ्या चिकटवून पहिल्या मजल्यावर खजिनदारांकडे पोहोचती केलीत, असं ऐकते.

या सगळ्यातून जो अर्थ निघतो तो न कळायला मी काल जन्मलेले नाही. मुलाने कुठेतरी नवीन जागा घेतलेली दिसते. तुम्ही बिऱ्हाड हलवताय आणि सभेला न सांगता पद सोडून चालला आहात. जायचं तर जा. पण चोरासारखं नाही. सभेत उभं राहून सांगा आणि तोवर किल्ली दोन सह्यांनी न्या.

तिसरा मजला


सोमवार, १७ फेब्रुवारी

वहिनी,

मी कुठेही राहायला जात नाही. मुलाने जागा घेतलेली नाही.

कागद लावून ठेवले ते पुढच्या माणसाला शोधाशोध करावी लागू नये म्हणून. प्लंबरचे काम उत्तम आहे, त्याला तसे कळवावे. त्याच्यावर माझा संशय नव्हता.

आपण सभेत विषय काढावा. त्याला यापुढे माझ्याकडून उत्तराची गरज पडणार नाही.

दादा गेल्यावर मी आपल्याशी नीट वागलो नाही. त्याबद्दल क्षमा असावी. हे लिहायचे राहून गेले होते.

आपला दीर


मंगळवार, १८ फेब्रुवारी, सकाळी ११.०५, तुमचं जेवणाचं टेबल

भाऊजी,

हे पत्र मी तुमच्यासमोर बसून लिहिते आहे. तुम्ही खिडकीकडे बघताय. बेल मी चौदा वेळा वाजवली, मोजत होते. तुम्ही दार उघडलंत, मला बघितलंत आणि आत जाऊन बसलात. मी विचारलं, बोलणार का. तुम्ही नाही म्हणून मान हलवलीत. तोंडाने आपल्याला सात वर्षं जमलेलं नाही. कागदावर आपलं बरं चालतं. तेव्हा कागदावरच.

तुमचं कालचं पत्र आज सकाळी साडेआठला पेटीत मिळालं. आधी संताप आला. म्हटलं, माफी मागून माझी तक्रार गिळायला बघतोय. मग मी सभेसाठी सगळं स्वच्छ उतरवून काढायला बसले. एक, वॉचमन. दोन, प्लंबर. तीन, वाचनालय. चार, पेटी. पाच, दप्तरं. सहा म्हणून तुमच्या पत्रातली शेवटची दोन वाक्यं उतरवली आणि पेन तिथेच थांबलं. सहाही गोष्टी एकाखाली एक होत्या. सभेसाठी आरोपपत्र लिहीत होते मी. त्याच्यात आरोप नव्हताच.

प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता, भाऊजी. वॉचमनला वाटलं साहेबांचा अधिकार. प्लंबरला वाटलं आपल्यावर राग. ग्रंथपाल बाईंना वाटलं डोळे कमी झाले. सलूनवाल्याला वाटलं मोठं मन. माझ्याकडे तर सगळेच तुकडे होते, सह्यांसकट, आणि मला वाटलं बिऱ्हाड हलवताय.

दहा वाजता मी सगळ्यांना खाली बोलावलं. दहा मिनिटांत बोलणं झालं. ग्रंथपाल बाई वाचनालय बंद ठेवून आल्या. त्यांनी मला बजावलं, आडून विचारायचं नाही, सरळ विचारायचं. विचारल्याने ते कोणाच्या डोक्यात शिरत नाही. म्हणून सरळ विचारते.

तुम्ही जीव द्यायचा विचार करताय का?

खाली लिहा. पेन हे घ्या.


११.२०

हो.


११.२२

बरं. लिहिलंत ते चांगलं केलंत. मी उठून जात नाही. ओरडणार नाही, रडणारही नाही. तुमच्यासमोर तर नाहीच.

दाराबाहेर जिन्यात ग्रंथपाल बाई आणि प्लंबर बसले आहेत. तुम्ही बोलावल्याशिवाय आत येणार नाहीत. जाणारही नाहीत. गच्चीची किल्ली माझ्याकडे आहे आणि वॉचमनने त्यासाठी माझ्या दोन नाही, तीन सह्या घेतल्या. सुधारला तो.

कधीपासून? जमेल तेवढं लिहा. अक्षर हललं तरी चालेल.


११.४०

हात चार महिने हलतो आहे. रेघ सरळ येत नाही. झोप तेव्हापासून नाही. घरात सांगितले नाही. मुलगा-सून आठला जातात, सातला येतात, थकलेली असतात. त्यांना वाटते बाबांचे ठीक चालले आहे.

एक गोष्ट कोणालाच सांगितलेली नाही. मास्तर आदल्या संध्याकाळी माझ्याकडे आले होते. दारात उभे राहिले. म्हणाले, “पाच मिनिटं आहेत का?” मी सभेचे इतिवृत्त लिहीत होतो. म्हणालो, उद्या या. ते बरं म्हणाले आणि गेले.

नंतर मी तिन्ही ठराव लिहिले. लोकांनी माझे आभार मानले. ते इतिवृत्तात आहे. मीच लिहिले आहे.


११.५२

भाऊजी, नीट वाचा.

त्याच आठवड्यात मास्तर मला जिन्यात भेटले होते. त्यांनी कुठलासा इंग्रजी शब्द वापरला आणि मी त्यांचा उच्चार सुधारला. ते हसले, वर गेले. त्यांच्याशी माझं शेवटचं बोलणं ते. वॉचमनने त्यांना सलाम केला होता. दातांच्या डॉक्टरांनी पुढच्या महिन्याची वेळ दिली होती. त्यांनी प्रत्येकाच्या दारासमोरून पाय ओढत नेले आणि आपल्यातल्या एकालाही कळलं नाही. तुम्ही एकटे नव्हता. तुम्हाला तो मान एकट्याला घेता येणार नाही.

आता काय होणार ते सांगते. मुलाला फोन केला आहे, तो निघाला आहे. रागावलेला नाही, घाबरला आहे. त्याला घाबरू द्या, मुलगा आहे. दातांच्या डॉक्टरांनी आपल्या ओळखीच्या मानसोपचार डॉक्टरांची साडेबाराची वेळ घेतली आहे. खाली टॅक्सी उभी आहे. मी बरोबर येते. हात हलतो, झोप येत नाही, ही डॉक्टरला सांगायची दुखणी आहेत. चार महिने तुम्ही ती गुन्ह्यासारखी लपवलीत.

तुमच्या शर्टाचं बटण वर-खाली लागलंय. तसंच राहू द्या. चपला घाला.


बुधवार, १९ मार्च

वहिनी,

दवाखान्यातून शुक्रवारी घरी आलो. चोवीस दिवस होतो. आपण रोज अकरा वाजता येऊन बसत होता त्याबद्दल आभार मानायचे राहिले. आपण तिथल्या परिचारिकेला तक्ता कसा भरावा हे शिकवलेत, त्याबद्दल तिने माझ्याकडे तक्रार केली. मी ती नोंदवून घेतली.

गोळ्यांनी झोप येऊ लागली आहे. हाताचे कारण वेगळे आहे, ते तपासत आहेत. डॉक्टर म्हणतात, मास्तरांविषयी बोलत राहायचे, एकदा बोलून ते संपणार नाही. मुलगा रोज दुपारी फोन करतो. सून संध्याकाळी माझ्याबरोबर चालायला येते आणि एक शब्द बोलत नाही. मला ते सोयीचे पडते. सगळे दिवस चांगले जातात असे मात्र नाही. कालचा मंगळवार वाईट होता. मी मुलाला तसे सांगितले. पूर्वी सांगितले नसते.

सलूनवाला पेटी परत घेऊन आला होता. मी म्हणालो, दिली ती दिली. तो ऐकेना. टेबलावर ठेवून गेला.

आता कामाचे. लिफ्टपाशी नवा तक्ता पाहिला. आपण आखलेला दिसतो, कारण चौथा रकाना खाली जाताना रुंद होत गेला आहे. त्यात माझे नाव आहे. ते काढावे. ठराव एकटे राहणाऱ्यांसाठी आहे. माझ्या घरी तीन माणसे आहेत. शिवाय सकाळी दार उघडून समोर शेजारी उभा दिसला की मला लाज वाटते. परवा प्लंबर होता. तो म्हणाला, “साहेब, सहज आलो होतो.” सहज कोणी सकाळी पावणेनऊला चौथ्या मजल्यावर येत नाही.

आणखी एक. दादा गेल्यावर चौथ्या दिवशी मी घराच्या कागदांवर नाव बदलण्याचा अर्ज घेऊन आपल्याकडे आलो होतो. आपण दार लावून घेतलेत ते बरोबरच होते. पण मला त्या दिवशी तुमच्याकडे यायचे होते आणि रिकाम्या हाताने कसे यावे ते कळेना. माझ्याकडे अर्ज होता. म्हणून अर्ज आणला.

आपला दीर


शनिवार, २२ मार्च

भाऊजी,

चौथा रकाना वाकडा आहे, मान्य. पुन्हा आखायचा असेल तर पेटी तुमच्या टेबलावर आहेच. तुमच्या हलत्या हाताची रेघ माझ्या स्थिर हाताच्या रेघेपेक्षा सरळ येईल, असं मला वाटतं.

अर्जाबद्दल वाचलं. दार लावल्यावर मी आत उभी राहून तुमची पावलं जिन्यात विरेपर्यंत ऐकत होते. सात वर्षं मी ते ‘याला कागदापलीकडे काही सुचत नाही’ या सदरात ठेवलं होतं. सदर चुकलं. मी चूक मान्य करते तेव्हा ती कापून भिंतीवर लावावी, वारंवार होत नाही.

नाव काढणार नाही. कारण लिहिते.

एक्सचेंजमध्ये आम्ही रोज सकाळी सातला शहरातल्या सगळ्या लाइन तपासायचो. तपासणाऱ्या टेबलाची स्वतःची लाइन कोणी तपासायची, हे मात्र कुठल्याच नियमात नव्हतं. एकदा ती चार तास मेलेली होती आणि कोणाला पत्ता नाही. का, तर ती तपासणाऱ्याची. तिला काय होणार? त्या दिवशी टेबलावर मी होते. आणि दोन वर्षांपूर्वी आपण सहा एकट्या माणसांची यादी केली तेव्हा मला हे आठवायला हवं होतं. यादी करणाऱ्याची बेल कोण वाजवणार, हे मी विचारलं नाही. घरात तीन माणसं आहेत म्हणजे झालं, असं मला वाटलं. घर सकाळी आठ ते संध्याकाळी सात रिकामं असतं, हे मी तुमच्या खालच्या मजल्यावर राहून रोज ऐकत होते.

म्हणून ठराव बदलला. परवाच्या सभेत एकमताने. आता बावीसच्या बावीस दारं तक्त्यावर आहेत. एकटी, दुकटी, भरलेली, भांडकुदळ, सगळी. वॉचमनची खोलीसुद्धा. तो म्हणाला, माझी कशाला? त्याला सांगितलं, तुझीच आधी. लाज वाटायची तर बावीस दारांनी मिळून वाटून घ्या, प्रत्येकाच्या वाट्याला फार येणार नाही. प्लंबरला सांगितलं आहे की ‘सहज आलो’ म्हणू नकोस, ‘माझी पाळी आहे’ म्हण. खोटं बोलायला तो अगदीच कच्चा आहे.

आता जे लिहिते ते सभेत सांगितलेलं नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये तीन दिवस मला अंथरुणातून उठावंसं वाटलं नव्हतं. कशासाठीही नाही. रोज दातांच्या डॉक्टरांनी नऊच्या आत बेल वाजवली. मी दार चार बोटं उघडलं, “ठीक” म्हटलं आणि लावलं. ते वहीत ‘ठीक’ लिहून गेले. त्यांचा दोष नाही. माझ्या दारात जास्त वेळ उभं राहायची या जिन्यात कोणाची छाती नाही, आणि ती व्यवस्था मीच केलेली आहे. चौथ्या दिवशी आपोआप उठले. पण आपोआप उठणं ही काही योजना नव्हे. मास्तरांचंही कोणीतरी तसंच धरून चाललं असेल.

तेव्हा माझी पाळी बदलून घेतली आहे. दातांच्या डॉक्टरांना मोकळं केलं, त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी मनावर घेतलेला नाही. बुधवार आणि शनिवार माझी बेल तुम्ही वाजवायची. एक मजला उतरायचं, तिसऱ्या पायरीवर जपून, कारण ती तुम्ही आजारी पडल्यापासून कोणीही दुरुस्त केलेली नाही. मी ‘ठीक’ म्हणून दार लावायला लागले तर पाय मध्ये घालायचा. चेहरा बघायचा. सकाळचा माझा चेहरा बघण्यासारखा नसतो, त्याला इलाज नाही. हातात अर्ज, वही, काही आणायचं नाही. रिकाम्या हाताने यायचं.

हे मी तुमच्यावर उपकार म्हणून देत नाही. या इमारतीत माझ्याशी भांडून न घाबरणारा माणूस एकच आहे आणि मला तो हवा आहे.

पहिली पाळी बुधवार, २६ मार्च, सकाळी पावणेनऊ. ती तुम्हाला मान्य आहे असं लेखी उत्तर मंगळवार, दिनांक २५ मार्च, संध्याकाळी सहाच्या आत माझ्या पेटीत पडलं पाहिजे. मुलाकरवी निरोप चालणार नाही, फोन चालणार नाही. मंगळवार पुन्हा वाईट गेला तर तसं लिहा, पण लिहा. सहा वाजून एक मिनिटाने पेटी रिकामी दिसली तर मी वर येईन आणि दार उघडेपर्यंत बेल वाजवीन.

वहिनी,
तिसरा मजला